मंगळवारचा पाथर्डी रस्ता

दापोलीच्या मुकुंद खातूंचं पत्र दिवाळीनंतर लगेच आलं, आणि त्याला मी उत्तर दिलं नव्हतं. पत्र टेबलावर, चष्म्याच्या डबीखाली होतं. रोज चष्मा उचलला की ते दिसायचं आणि रोज मला वाटायचं की आज लिहू.

एका छोट्या दिवाळी अंकात मी शेवगाव-पाथर्डी रस्त्यावरच्या जुन्या झाडांबद्दल दोन पानं लिहिली होती. ती खातूंनी वाचली. हे गृहस्थ साठी उलटल्यावर समुद्राच्या कडेनं सायकलवर हिंडतात. हर्णै, आंजर्ले, केळशी, असं. त्यांनी लिहिलं होतं, "जानेवारीत मी सायकल एसटीवर टाकून तुमच्याकडे येतो. तुमच्या रस्त्यानं दोघं जाऊ. मग होळीच्या आधी तुम्ही इकडे या, मी तुम्हाला खाडीच्या कडेनं नेतो. येऊ का?"

प्रश्न एवढाच होता. पण त्यांनी गृहीत धरलं होतं की मी सायकलवर हिंडतो. मी शेवगावात कॉलेजच्या लायब्ररीत नोकरीला सायकलवर जायचो, हे खरं. घर ते लायब्ररी, सपाट रस्ता, मध्ये एक गतिरोधक. निवृत्त झाल्यावर तेही बंद झालं. पाथर्डीपर्यंत मी सायकल मारू शकतो की नाही, हे मला माहीत नव्हतं. हो म्हणून त्या माणसाला दापोलीहून बोलवायचं आणि अमरापूरच्या अलीकडेच दम लागून कडेला बसायचं, ही कल्पना मला सहन होत नव्हती. नाही म्हणायचं, तर समुद्र राहिला. अडुसष्टाव्या वर्षी आपल्याला रस्त्यानं चला म्हणणारं दुसरं कोण भेटणार?

मी मसुदे केले. "अवश्य या" हे आपण फार मोठे यजमान असल्यासारखं वाटलं. "या" हे तुटक वाटलं. "येण्याचे करावे" ही लग्नपत्रिका झाली.

बायकोनं, सुरेखानं, तीनही कागद वाचले आणि म्हणाली, "अहो, माणूस विचारतोय येऊ का. हो किंवा नाही लिहायचं असतं."

मी म्हणालो, आधी एकदा पाथर्डीपर्यंत जाऊन बघतो. मग लिहितो.

मुलानं, हर्षलनं, पोट कमी करायला घेतलेली गियरची सायकल माडीवर होती. तो पुण्याला गेला, पोट बरोबर घेऊन गेला, सायकल राहिली. तिच्यात हवा भरली, हेल्मेट डोक्यावर बसवलं आणि एका सकाळी निघालो. साखर कारखाने सुरू होते. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर गाणी लावून चालले होते. ते शेजारून गेले की माझी सायकल आपोआप मातीत उतरायची. तरी बरं चाललं होतं. तेवढ्यात मागून कापसाचा टेम्पो आला आणि पुढे जाऊन आडवा थांबला. त्यातून बिभीषण उतरला. हा माझ्या वेळी कॉलेजात होता. लायब्ररीत पंख्याखाली झोपायला यायचा.

"सर, तुमी सायकलीवर?" त्यानं माझ्या हेल्मेटकडे, मग हाफ पँटकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "घरात काय झालं का?"

मी सांगितलं की काही झालं नाही, मी सहज निघालोय. सहज हा शब्द चुकला. आमच्या भागात म्हातारा माणूस सहज सायकलवर निघत नाही. तो निघालाच तर त्याची स्कूटर मुलानं काढून घेतलेली असते. बिभीषणनं सायकल उचलून कापसाच्या पोत्यांवर टाकली, मला दंडाला धरून पुढच्या सीटवर बसवलं आणि घरासमोर आणून सोडलं, तेही बाजाराच्या दिवशी. आपण ज्याला सर म्हणतो त्याला रस्त्यात पायडल मारताना बघून पुढे निघून जायचं, हे त्याला जमणारं नव्हतं. आणि मला त्याला नको म्हणणं जमणारं नव्हतं. उतरताना मी त्याचे आभारही मानले.

दुसऱ्या खेपेला मी अमरापूरपर्यंत पोचलो. तिथे फाट्यावर कारभारी नावाच्या माणसाचं चहाचं हॉटेल आहे. त्याची माझी ओळख म्हणजे माझ्या मेहुण्याच्या गावचा, एवढीच. त्यानं लांबूनच हात केला. थांबलो नाही तर तो म्हणेल, सरांना गर्व आला. थांबलो. चहा आला, भजी आली, पुन्हा चहा आला. कारभारी तेवढ्यात मोबाईल घेऊन आत गेला. मेहुण्याकडून त्यानं हर्षलचा नंबर मिळवला होता. आतून सगळं ऐकू येत होतं. बापानं जन्मभर पुस्तकं सांभाळली आणि तू त्याला उतारवयात सायकलवर फिरवतोस, तुला झोप कशी लागते, असं तो विचारत होता. मला परत आणायला जीप केली गेली. जीपमध्ये आणखी चार जण बसले, आणि सगळ्यांनी वाटेत मला धीर दिला.

संध्याकाळी हर्षलचा फोन आला. आवाज रडवेला होता. "बाबा, स्कूटर पाहिजे होती तर सांगायचं ना."

मी त्याला समजावत बसलो आणि सुरेखा स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसत बसली. नंतर म्हणाली, की आता त्या कोकणातल्या माणसाला कळवून टाका, इथं जिवंत माणसाला सायकल चालवू देत नाहीत.

डिसेंबर संपत आला होता. जानेवारीत येणाऱ्या माणसाला उत्तर डिसेंबरात तरी जायला हवं. मी ठरवलं, अजून एकदाच. जमलं नाही तर नाही लिहायचं. या वेळी मी दोन गोष्टी पक्क्या केल्या. कुणाच्या गाडीत बसायचं नाही आणि कुणाचा चहा घ्यायचा नाही. हाफ पँटीवरून इतकं बोलणं झालं होतं, म्हणून पायजमा घातला. सुरेखानं ट्रॅक्टरवाल्यांना लांबून दिसावं म्हणून सायकलच्या मागे लाल कापड बांधलं. घरात दुसरं लाल काही नव्हतं, म्हणून कपाटातला एक खण काढला. तो हिरव्या काठाचा होता. त्या दिवशी मंगळवार, देवीचा वार होता, याकडे आम्हा दोघांचंही लक्ष नव्हतं.

अमरापूरच्या अलीकडे रस्त्याला लागून झुंबरबाईंचं घर आहे. या बाईंना मी तोवर ओळखत नव्हतो. त्या शेळ्या घेऊन कडेला उभ्या होत्या. मला घाम पुसताना पाहून म्हणाल्या, की सावलीत बसा, चहा टाकते. मी हात जोडून म्हणालो, आज काही घेत नाही. मागून एक मोटारसायकलवाला थांबला, त्यानं बसवून नेतो म्हटलं. मी म्हणालो, आज गाडीत बसायचं नाही असं ठरवलंय.

झुंबरबाईंनी मागचा खण पाहिला. पुढे येऊन सायकलीच्या हँडलला हात लावून तो कपाळाला लावला.

"मोहट्याला निघालाव व्हय?"

मोहटादेवी पाथर्डीच्या पलीकडे डोंगरावर आहे. मी त्या बाजूलाच निघालो होतो. तसं म्हणालो, त्या बाजूलाच. नवस आहे का, असं त्यांनी विचारलंच नाही. मी खुलासा करायला तोंड उघडलं, तर त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. "काय बोललाव ते सांगू नगा. सांगितलं का फळत न्हाई."

आता खुलासा करणं म्हणजे देवीचा नेम मोडणं होऊन बसलं. झुंबरबाई घरात गेल्या आणि नारळ घेऊन आल्या. अंगद आणि सविता, त्यांचा मुलगा आणि सून, कोयता घेऊन कारखान्यावर ऊसतोडीला गेले होते. नातवंडं यांच्याजवळ होती आणि गुडघे साथ देत नव्हते, म्हणून यंदा देवीला जाणं झालं नव्हतं.

"पोरं पाचटात वावरत्यात, उसाच्या गाडीवर बसत्यात. सुखरूप घरी येऊ दे म्हना. माझं नाव सांगा, झुंबर."

मी नारळ कॅरियरला बांधला. त्या क्षणापर्यंत मला दम लागला तर परत फिरायची मुभा होती. ती गेली.

मोटारसायकलवाला माझ्या आधी अमरापुरात पोचला असावा. फाट्यावर कारभारी स्वतः रस्त्यात उभा होता. चहा घेऊन नाही, नारळ घेऊन. हर्षलला केलेल्या फोनबद्दल त्यानं क्षमा मागितली. म्हणाला, पोराच्या अंगावर उगाच गेलो, मला काय माहीत देवाचं काम आहे. त्याच्यामागे आणखी माणसं होती. कुणाचं बोअरचं पाणी होतं, कुणाच्या मुलीचं नर्सिंगचं ॲडमिशन होतं. मी प्रत्येकाचं नाव पाठ करत होतो आणि कारभारी नारळ पिशवीत भरत होता. हँडलला दोन्ही बाजूंनी पिशव्या लागल्या. वर दिव्याच्या तेलाची बाटली आली. इतके दिवस मला एक पायडल मारू न देणारी माणसं आता मला हातही लावत नव्हती. सायकल एकदा कलंडली तेव्हा सगळे कळवळले, पण कुणी उचलली नाही. नवसाला दुसऱ्याचा हात लागत नाही.

पाथर्डीच्या वाटेवर बिभीषणचा टेम्पो पुन्हा आला. मला वाटलं, संपलं. पण त्यानं गाडी माझ्या मागे लावली, लाल दिवे चालू केले आणि माझ्याच वेगानं येऊ लागला. त्याच्यामागे उसाचे ट्रॅक्टर तुंबले. एकानं हॉर्न वाजवला, तर बिभीषण खाली उतरून त्याला काहीतरी सांगून आला. मग हॉर्न थांबला आणि ट्रॅक्टरवरचं गाणं बदलून देवीची आरती लागली. आयुष्यात मी कधी मिरवणुकीच्या कडेलाही उभा राहिलो नव्हतो. मान खाली घालून पायडल मारत राहिलो. त्यामुळे पाथर्डी कधी आली हेही कळलं नाही.

खरा चढ पुढे होता. देवीच्या डोंगराचं वळण दिसलं आणि माझ्या पायांनी नकार दिला. बिभीषण खिडकीतून म्हणाला, "सर, उतरायचं न्हाई असं बोललाय का?"

हा प्रश्न मला अवघड होता, कारण मी काहीच बोललो नव्हतो. खातू बरोबर असते तर मी काय केलं असतं, असं मनात आलं. मी म्हणालो, उतरलेलं चालतं. आणि उतरलो. कुणाला काही वाटलं नाही. नारळ एकमेकांवर आपटत होते, मी ढकलत होतो, आणि मला दम लागला होता, पण जितका लागेल असं घरी बसून वाटायचं तितका नाही.

वर मी झुंबरबाईंचा नारळ पहिला दिला. अंगद आणि सविता यांची नावं घेतली, पाचट आणि गाडी यांचाही उल्लेख केला, काही राहू नये म्हणून. मग बाकीचे दिले. दोन नावं अदलाबदल झाली असं वाटून पुन्हा सांगितली. पुजारी शांत होते, मागची रांग तितकी नव्हती. सगळं झाल्यावर बिभीषणनं विचारलं, "तुमचा कुठाय?"

माझा नव्हताच. तो धावत जाऊन एक घेऊन आला. पुजाऱ्यांनी नाव विचारलं. मी म्हणालो, मुकुंद खातू, दापोली.

बिभीषणनं माझ्याकडे पाहिलं, पण नवसाचं विचारायचं नसतं, म्हणून रिकाम्या पिशव्या गोळा करू लागला.

परतीला त्यानं सायकल टेम्पोत टाकली. नवस जाताना असतो, येताना नसतो, असा निकालही दिला. हा नियम मला फार आवडला. घरोघर प्रसाद देत निघालो. झुंबरबाईंनी खोबऱ्याचा एक तुकडा नातवंडांना वाटला आणि दुसरा फडक्यात बांधून फडताळात ठेवला. उन्हाळ्यात पोरं येतील तोवर तो राहील का, असं मला विचारावंसं वाटलं. अंगद-सविताला फोन लावून त्या सांगत होत्या, की सरांनी सायकलवर नेला नारळ, डोंगरावर. मला पाणी दिलं आणि या वेळी मी चहाही घेतला.

घरी आल्यावर हातपाय धुतले आणि कार्ड घेऊन बसलो. लिहिलं:

"खातूसाहेब, या. रस्ता चांगला आहे. मी सायकल हळू चालवतो आणि चढाला उतरतो. एक दिवस जादा धरून या, कारण इथे चहाला थांबावं लागतं. मंगळवारी निघू नये. होळीच्या आधी मी तुमच्याकडे येईन."

सुरेखानं वाचलं. म्हणाली, चार ओळींसाठी एवढे नारळ लागले होय.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाय उचलत नव्हते, तरी पोस्टापर्यंत गेलो आणि कार्ड पेटीत टाकलं. टाकल्यावर शंका आली, पिनकोड बरोबर लिहिला का. पेटी उघडायला माणूस यायला वेळ होता. मी पायरीवर बसलो. तो आला, त्यानं कार्ड शोधून मला दाखवलं. पिनकोड बरोबर होता. त्यानं ते पिशवीत टाकलं, पिशवी बांधली, आणि मी घरी आलो.