भिंतीवर टांगलेली येसूबाई

सेहेचाळीस साली कर्जत स्टेशनाजवळ माझा फोटोचा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे काय, एक खोली, छपरात चार काचेची कौलं, आणि पडद्यावर रंगवलेला एक जिना, कुठंच न जाणारा. हे वारले तेव्हा मागं कॅमेरा राहिला. मूलबाळ नव्हतं. मग मीच काचा फोडत फोडत शिकले; तेव्हा फोटो आधी काचेवर उठायचा.

गिऱ्हाइकाला स्वतःचा चेहरा नकोच असायचा. गोरा करा, सुरकुत्या पुसा, हातात पुस्तक द्या. मी पेन्सिलीनं काचेवर लोकांची वयं कमी करत बसायचे. त्यात माझं असं काही नव्हतं. एकदा तरी एखादा चेहरा मला दिसतो तसा काढावा, एवढीच हौस.

तो येसूबाईचा निघाला. भिसेगावची दूधवाली. रोज सकाळी मागल्या दाराशी दूध घालून घटकाभर टेकायची. सुनांच्या कागाळ्या, म्हशीचं दुखणं, सगळं सांगायची. दिवसभरात माझ्याशी कामावाचून बोलणारं माणूस तेवढंच. एके दिवशी बोलता बोलता ती गप्प झाली. हात मांडीवर सुटे पडले, नजर लांब गेली. कॅमेरा उजेड बघायला तिथंच मांडलेला होता. मी फोटो घ्यायचा रबरी फुगा दाबला.

"काय वाजलं वो?"

"काही नाही," म्हटलं.

त्या काचेला मी पेन्सिल लावली नाही. फोटो चौकटीत घालून पुढच्या भिंतीवर लावला, रस्त्यावरून दिसेल असा. तीन दिवस जेवणापेक्षा त्याच्याकडेच जास्त बघितलं. तिला मात्र सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी तिचा भाऊ सदू खोपोलीहून बाजाराला आला. आपल्याकडं माणूस गेल्याशिवाय भिंतीवर लागत नाही. त्यानं फोटो बघितला आणि तसाच भिसेगावला पळत सुटला, आळीपासून गळा काढून. येसूबाई शेणाच्या हातांनी बाहेर आली.

"कोण गेलं रं?"

"तूच गेलीस की गं, बाय! भिंतीवर लागलीस!"

थोड्या वेळानं दोघं माझ्या दारात. सदूचे डोळे अजून लाल.

"जित्या बाईला टांगलीत? उतरवा आदी!"

येसूबाई हसत होती. "ऱ्हाऊ दे रं. मेल्यावर किती रडशील त्ये तरी कळलं." मग ती फोटोकडं वळली आणि तिचं हसू थांबलं. चौकटीच्या अगदी जवळ गेली.

"ही मी नाय, वयनी."

"तूच की गं."

"नाक माजं हाय. पर ही बाई कुणाची तरी वाट बघत्ये. माज्या घरात अकरा तोंडं. मला कुणाची वाट बघायला सवड हाय?" मग आवाज उतरवून म्हणाली, "ही तुमी हाय."

"वयनी कशी आसंल?" सदू म्हणाला. "कपाळावर गोंदण बघ की!"

मला हसता आलं नाही. हा माझा सगळ्यात चांगला फोटो, हे तीन दिवस मी स्वतःला सांगत होते. का चांगला, ते विचारलं नव्हतं.

"उतरवू?"

"तुमचं तुमी टांगा की, वयनी. माज्या तोंडानं कशाला?"

मी स्टुलावर चढून फोटो उतरवला. "घेऊन जातेस?"

"नको गं माय. सुना रडायच्या, नायतर खूश व्हायच्या."

दुसऱ्या दिवशी ती येते की नाही, या धास्तीनं मी भांडं घेऊन आधीच दाराशी उभी. आली. दूध घातलं, टेकली, म्हशीचं सांगितलं. पण त्या दिवसापासून ती पदर सारखा करायची, ताठ बसायची, दात दाखवून हसायची. कॅमेरा आतल्या खोलीत, वर काळं फडकं टाकलेलं, तरीसुद्धा.

मग मीच तिच्याकडं पाठ करून चहाचं आधण ठेवायला लागले. तिला जरा सुटं बसता यावं म्हणून. पाठीमागं ती बोलत असायची, मध्येच गप्प व्हायची. तेव्हा मान वळवायची नाही, असं मी ठरवलं होतं.