जातीवर गेला

"वयनी, सांज व्हायच्या आत कुत्रा गावाबाहेर गेला पायजे. नायतर आमी आमच्या हातानं सोडवतो त्याला," हैबतराव अंगणात काठी टेकून म्हणाला.

बायजा वालाच्या शेंगा निवडत बसली होती. हैबतरावाच्या मागं मोरू उभा. पहाटे त्याची गाभण शेळी बांधावर फाडलेली सापडली होती. त्याच्या मुठीत कागदाची पुडी होती, आणि पुडीत काय ते बायजाला विचारावं लागलं नाही.

"भावजी, कुत्रा रातभर साखळीला व्हता. बांधावर गावातल्या कुत्र्यांची टोळी फिरते, ती दिसत नाय तुमाला?"

"ती आपल्या शिळ्या भाकरीवर वाढलीत. ह्याची जातच फाडायची. मोबाइलवर बघ, कुठं कुठं पोरांचे गाल तोडलेत. खाण तशी माती."

"मग मला का नाय फाडलं आजवर?"

"येळ आली नसंल."

कुत्रा पडवीत पुढच्या पायांवर डोकं टाकून पडला होता. काळाभोर, भुवयांवर तांबूस टिकल्या, जबडा उखळासारखा. डोलवीच्या कंपनीतला कुणी साहेब बदलीवर जाताना बायजाच्या लेकाला, नाथाला, देऊन गेला. पुढं नाथाही गुजरातेत कामाला गेला आणि जाताना म्हणाला, "आये, सांभाळ." साहेबाचा ब्रूनो बायजाच्या तोंडी बुरून्या झाला. जातीचं नाव मात्र गडब गावात कुणाला धड घेता येत नव्हतं, तरी त्या जातीचं सगळं सगळ्यांना ठाऊक होतं. बाया तिच्या दारावरची पाणंद सोडून लांबून जात. वाल उपटायला यंदा कुणी आलं नाही, सगळं शेत तिनं एकटीनं उपटलं. कुत्रा साखळीला आणि बायजा कुत्र्याला बांधलेली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. सोडावा तर विषाची पुडी, ठेवावा तर गाव तुटतं.

शेवटी टेम्पोवाल्या सख्याच्या पाया पडून तिनं कुत्रा हौद्यात चढवला. पेणच्या विष्णू वकिलांची रोह्याच्या रस्त्याला आमराई होती. राखणीला कुत्रा हवाय, असं त्यांनी सख्याला सांगून ठेवलं होतं.

आमराईत वकिलांनी छत्रीच्या टोकानं कुत्र्याला डिवचलं. बुरून्यानं छत्री हुंगली आणि उताणा पडून पोट दाखवलं.

"बाई, हे असलं काय आणलंत? चोर आले तर हा त्यांच्याकडून पोट खाजवून घेईल."

"नाय साहेब, लय तापट हाय. गावात शेळी फाडली त्यानं." सकाळी जे खोटं म्हणून ती भांडली होती, तेच आता तिच्या तोंडून गेलं.

"मला तरी तसं दिसत नाही. परत घेऊन जा."

परत कुठं नेणार? ऊन कलायला लागलं होतं. बायजानं आंब्याखालची वाळकी फांदी उचलली आणि कुत्र्याच्या पाठीत घातली. तो जमिनीला चिकटला. दुसऱ्यांदा घातली तसा केकाटत तिच्याच पायांशी घुसला. भुंक रं बाबा, एकदा भुंक, ती मनात म्हणत होती. मग डोळे मिटून तिनं त्याच्या नाकाडावर मारलं.

त्यानं तिचं मनगट धरलं. धरलं तसं सोडलंही, आणि लांब जाऊन तिच्याकडं बघत थरथरत उभा राहिला. रक्त बांगड्यांवरून ओघळलं.

"आता दिसली जात," वकील खुशीनं म्हणाले आणि गड्याला साखळी धरायला सांगितली.

जाताना बायजानं मागं बघितलं नाही. कुत्रा मात्र पहिल्यांदाच भुंकत होता, ते वळणापर्यंत ऐकू आलं.

सख्या टेम्पोत बसून होता. त्यानं पाहिलं ते एवढंच, की कुत्र्यानं बाईचा हात धरला. गडबच्या नाक्यावर टेम्पो थांबल्याबरोबर त्यानं ते चहाच्या टपरीवर सांगून टाकलं. हैबतराव उठून आला. पदरात गुंडाळलेला हात त्यानं निरखून बघितला.

"सांगत व्हतो ना वयनी. मालकिणीला पण सोडली नाय."

"मी मारला त्याला, भावजी. नाकावर मारला."

"आपलंबी कुत्रं मार खातं. चावतं काय?"

नाक्यावरच्या दवाखान्यात सुई घेऊन ती घरी आली, तर दारात बाया. कित्येक महिन्यांनी पाणंदीवर माणसं दिसली. मोरूची बायको शांती वाटीत मऊ भात घेऊन आली होती. एका बाईनं चूल पेटवली, दुसरीनं वालाच्या शेंगा ओढून पुढं घेतल्या.

"सुटलीस गो बाय," शांती म्हणाली. "देवानं वाचवली तुला."

बायजानं खरं सांगायला तोंड उघडलं. पण चुलीला धूर होता, घरात बोलणं होतं, आणि उद्या वाल झोडायला आम्ही येतो असं दोघी तिघी म्हणत होत्या. तिनं तोंड मिटलं.

नवी बाई आली, की हात बघू म्हणायची. बायजा हात पुढं करायची.