घड्याळवाले आजोबा आणि माझे चार पाय

मित्रांनो, हसू नका हं! मी एक जुना वॉकर आहे. पाय चार, पण स्वतःहून एक पाऊल टाकता येत नाही. कुणी उचललं की उठायचं, ठेवलं की उभं राहायचं.

कारखान्यात ॲल्युमिनियमच्या नळ्या वाकवून मला घडवलं, पायांना काळ्या रबरी टोप्या घातल्या आणि मी या रुग्णालयाच्या लांबलचक व्हरांड्यात आलो. सकाळी ओली फरशी पाण्यासारखी चमकते, खिडक्यांचा उजेड तिच्यावर तरंगतो आणि मला वाटतं, मी वॉकर नाहीच, होडी आहे!

माझ्या होडीत कितीतरी माणसं बसून गेली, पण लक्षात राहिले ते घड्याळवाले आजोबा. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, आणि दुकानाच्याच पायरीवरून पडून खुबा मोडला. ऑपरेशन झकास झालं, भीती मात्र आतच राहिली. माझ्या मुठी त्यांच्या घामाने चिंब व्हायच्या. दोन पावलं झाली की, "बास! आज एवढंच."

आजोबा बौद्ध. तरुणपणापासून रोज मांडी घालून ध्यानाला बसणारे. आता डॉक्टरांनी मांडीच बंद केली.

"मांडी गेली, ध्यान गेलं," ते सोबतीला आलेल्या आपल्या बायकोला, आजींना म्हणाले. "शनिवारी व्हरांड्याच्या टोकाच्या त्या सरावाच्या चार पायऱ्या जमल्या नाहीत, तर घरही गेलं." घर दुसऱ्या मजल्यावर होतं ना!

सिस्टरने ते ऐकलं. "आजोबा, बुद्ध काय जन्मभर बसूनच होते? गावोगाव पायीच फिरले! तुम्हीही चालता चालता ध्यान करा. आधी खुर्चीत बसून नुसता श्वास बघा."

दुसऱ्या दिवशी आजोबा मनगटावरचं घड्याळ नाचवत म्हणाले, "मिनिटाला बावीस! फास्ट चालतोय. संध्याकाळपर्यंत पंधरावर आणतो."

सिस्टर हसत सुटली. "अहो, श्वास आहे तो, गिऱ्हाइकाचं घड्याळ नाही! दुरुस्त करायचा नाही, फक्त बघायचा."

"जमणार नाही," आजी म्हणाल्या. "यांनी आजवर एकही वस्तू न उघडता बघितलेली नाही!"

घड्याळ आजींच्या पिशवीत गेलं. मग श्वास आत, मी वर. श्वास बाहेर, मी खाली. मग एक पाऊल. मध्येच आजोबा पुटपुटायचे, "भीती आली," जणू दारात पाहुणा आलाय. "असू दे." आणि पुढचं पाऊल. व्हरांडा संथ वाहायचा, आम्ही त्यावर तरंगायचो. हळूहळू माझ्या मुठी कोरड्या राहू लागल्या.

शनिवार आला. मित्रांनो, वॉकर पायऱ्या चढत नाही. आजोबांचा एक हात कठड्यावर गेला, दुसरा माझ्यावरून एकेक बोट करत सुटला. सिस्टर त्यांच्या मागोमाग. एक. दोन. तिसऱ्या पायरीवर पाय थरथरला. आजी ओरडणार, तेवढ्यात त्यांनीच तोंडावर पदर धरला.

"भीती आली," आजोबा म्हणाले. एक लांब श्वास. "असू दे."

चौथी!

वरून त्यांनी माझ्याकडे बघून मान झुकवली. माझ्याकडे, एका वॉकरकडे! ते घरी गेले आणि मी खालीच राहिलो. वाईट वाटलं, पण मला सोडून जाता यावं, यासाठीच तर मी आहे.

हल्ली मी कोपऱ्यात असतो. माझी एक टोपी झिजली आहे, तेवढी बदला, नाहीतर पुढचा माणूस घसरेल. आणि तुमच्या घरी कुणी सावकाश चालत असेल, तर मागून "चला लवकर" म्हणू नका. थांबा. श्वास आत गेला असेल, अजून बाहेर यायचा असेल. पाऊल त्याच्या मागोमाग येईलच.