चाकावरची टोपी

बंगला जुना, बागेतलं तळं त्याहून जुनं, आणि तळ्यापासून कारंज्यापर्यंत जमिनीखालून गेलेला विटांचा बोगदा कुणाच्या पणजोबानं बांधला देव जाणे. गाळ काढायला कुणी आत उतरलं की त्यानं आपली टोपी तळ्याकाठच्या, बोगद्यात पाणी सोडायच्या चाकावर टांगायची. टोपी असेपर्यंत चाकाला हात लावायचा नाही. बागेतला कायदा एवढाच.

चाक कारंजेवालीच्या ताब्यात, बोगदा तिच्या नवऱ्याच्या, म्हणजे माळ्याच्या. आणि दोघांचा परवापासून अबोला. कारण ऐकाल तर हसाल. जेवताना तो तिच्या भावाला आयतोबा म्हणाला होता.

त्या सकाळी तिला चाकावर टोपी दिसली. काल विसरला असेल वेंधळा, असं तिनं गृहीत धरलं. टोपीचं अस्तर लोंबत होतं. बोलायचं नाही तर नाही, निदान शिवून तरी देऊ, म्हणून ती टोपी घेऊन अवजारांच्या खोलीत गेली. खाली बोगद्याच्या पायरीकडे तिनं पाहिलंच नाही. शिवता शिवता तिचा राग निम्मा ओसरला, हेही सांगायला हवं.

शेवटचा टाका घालतेय तोच बंगल्याचा मॅनेजर आला. "बाई, पाहुणे आलेत. कारंजं लावा."

टोपी खिशात कोंबून ती धावली. चाक मोकळं होतं. तिनं ते गरागरा फिरवलं, पाणी गुरगुरत बोगद्यात शिरलं. मग नजर खाली गेली. पायरीवर त्याच्या चपला होत्या.

ती चाकावर झेपावली. चाक उलटं फिरेना, पाण्याचा जोर केवढा! "आत आहेत हो ते," ती मॅनेजरला म्हणाली. दोघं चाकाला लोंबकळली, तेव्हा कुठे पाणी थांबलं.

"अहो!" ती बोगद्याच्या तोंडाशी ओरडली. "अहो, ओ द्या की!" आतून नुसती पाण्याची ठिबठिब.

ती कारंज्याकडे पळत सुटली. तिथलं लोखंडी झाकण आतून हलत होतं. तिनं ते उचललं, तसा तो चिखलानं माखलेला, खोकत, कसाबसा वर आला.

"टोपी कुठाय माझी?"

तिनं खिशातून काढून दिली. नव्या टाक्यांवरून त्यानं अंगठा फिरवला.

"सांगून उतरायचं ना," ती म्हणाली.

"तू बोलत नव्हतीस. म्हटलं, टोपी सांगेल."

चिखलानं भरलेल्या हातांनी त्याला टोपी घालता येईना. तिनंच ती त्याच्या डोक्यावर नीट बसवली, आणि मग पाहुण्यांसमोर तिला रडू आवरेना.