एक ते दोनची नोंद

राधियाच्या लॉगबुकची केलिबियाच्या बंदरात यथेच्छ टिंगल व्हायची, आणि तिला त्याचं काहीच वाटत नसे. चौतीस वर्षं पोरांना गणित शिकवून निवृत्त झालेली बाई ती. नवऱ्याच्या शिडाच्या होडीवर दर तासाला वेळ, वेग, दिशा, वारा लिहिणारच. तिथे खोडरबराला मज्जाव. चुकलं तर त्यावर एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही. पण घडलं ते खोडायचं नाही.

पान्तेलेरिया बेटावरून पश्चिमेकडे, घरी परतताना दुपारी एक वाजता तिचा नवरा लामजेद सुकाणूवर होता. एका हातात टूना मासा आणि हरीसाची तिखट लाल चटणी भरलेला पाव. होडी तासभर वाट सोडून गेली. राधियाने लिहिलं : ‘१ ते २. कप्तान जेवत होते. दिशा वीस अंश दक्षिणेला.’

“खोड ते. कॅफेत कुणी वाचलं तर माझी शोभा होईल.”

“खोटं असेल तर खोडते. आहे का खोटं?”

“पावात एवढा हरीसा कुणी घातला?”

“तेही लिहू?”

लामजेदने उरलेला पाव एका घासात संपवला.

साडेचारच्या सुमारास धुकं उतरलं आणि जागा दाखवणारं यंत्र बंद पडलं. वाराही पडत चाललेला. टाकीत डिझेल जेमतेम बंदर गाठण्यापुरतं. चुकीच्या बाजूला वळले असते तर रात्रभर समुद्रात काढावी लागली असती.

“दक्षिणेच्या वाऱ्याने आपल्याला उत्तरेला ढकललंय,” लामजेद म्हणाला. “डावीकडे घेतो.”

“उजवीकडे घे.”

“तीस वर्षं मी या पाण्यात आहे, बाई.”

“वाऱ्याने ढकललं ते अर्धा मैल, दर तासाला लिहिलंय. तुझ्या पावाने उलट पावणेदोन मैल नेलं. वजा कर. सव्वा मैल दक्षिणेला आहोत.”

लामजेदने वही ओढून घेतली. एक ते दोनची ओळ दोनदा वाचली आणि सुकाणू उजवीकडे वळवलं.

पुढची चाळीस मिनिटं राधिया धुक्यात डोळे रोखून बसली. तरी पाचची नोंद तिने पाचलाच केली. मग धुक्यावर केलिबियाचा किल्ला दिसला, नाकासमोर. तिला स्वतःचा इतका अभिमान वाटला की ती मोठ्याने हसली.

धक्क्यावर शेजारच्या होडीवाल्या हत्ताबने दोर धरला. “एवढ्या धुक्यात कुणी आणलं रे तुम्हाला?”

लामजेदने वहीचं पहिलं पान उघडलं. तिथे ‘कप्तान : लामजेद’ असं होतं. नावावर त्याने एक रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. वर ‘राधिया’ लिहिलं, शेजारी सही केली आणि पान हत्ताबपुढे धरलं.

राधियाने चष्मा लावून वाकून पाहिलं.

“तारीख राहिली,” ती म्हणाली.

त्याने तारीख घातली.