कूलर बंद केला तेव्हा

मी डीव्हीडी रायटर बोलतोय. हसू नका. आजकालच्या कॉम्प्युटरमध्ये आम्हाला जागाच नसते, हे मलाही ठाऊक आहे. पण हे रडगाणं नाही. मला राग आलाय.

लग्नानंतर चंद्रभाननं सीताबर्डीहून कॉम्प्युटर जोडून आणला, त्याच्या पोटात मी होतो. त्यानं माझ्याकडून लग्नाच्या सीड्या काढून घेतल्या आणि सोयऱ्यांना वाटल्या. पुढे मोबाइल आले. धूळ मला बसायची, मार त्याच्या बायकोला, वैभवीला. बुटीबोरीच्या मिलमध्ये सगळे त्याला शांत माणूस म्हणत. गोगलगाय नि पोटात पाय, दुसरं काय.

एकदा वैभवीनं फडताळात मोबाइल उभा करून ठेवला. पट्ट्यानं मारल्याचं सगळं त्यात आलं. तिनं ते कॉम्प्युटरवर घेतलं आणि त्याच्यावर कोर्टात केस केली. तिच्या वकीलबाई म्हणाल्या, कोर्टात द्यायला सीडी करून आणा, उद्याच तारीख आहे.

मे महिन्यातली दुपार होती. रातपाळी करून आलेला चंद्रभान आतल्या खोलीत कूलरसमोर झोपला होता. वैभवीची धाकटी बहीण मिनल धरमपेठेतून कोऱ्या सीड्या घेऊन आली. पहिली सीडी अर्ध्यावर फसली. मिनलनं माझं भिंग पुसलं, स्पीड कमी केला, बाकीचं सगळं बंद केलं. दुसरीही फसली.

"ताई, दुकानातून करून आणू."

"दुकानवाला उघडून पाहील ना वं. मी मार खाऊन राहिली, ते परक्या माणसानं पाहावं?"

दोष माझा नव्हता हो. कूलर आणि कॉम्प्युटर एकाच बोर्डावर होते. पंपानं पाणी उचललं की दिवा मिणमिणायचा, माझा जोर जायचा आणि सीडीवरचं लिहिणं तुटायचं. शेवटी मिनलचं लक्ष दिव्याकडे गेलं.

"कूलरमुळं होऊन राहिलं हे. तो बंद करावा लागते."

वैभवीचा चेहरा उतरला. नागपूरच्या उन्हाळ्यात झोपलेल्या माणसाचा कूलर बंद करणं म्हणजे त्याला हलवून उठवणंच. तरी तिनं बटण दाबलं.

मी जीव तोडून फिरलो. घर तापत गेलं. आत खाट करकरली. माझं लिहिणं पुरं झालं आणि तेवढ्यात तो दारात उभा राहिला, घामानं निथळत.

"कूलर काहून बंद केला वं?"

मग त्यानं पडद्याकडे पाहिलं. तिथे त्या व्हिडिओच्या छोट्या चौकटीत पट्टा उगारलेला तोच होता. वैभवीचे केस धरून त्यानं तिचं डोकं टेबलावर आपटलं. पुन्हा आपटलं. मधे पडलेल्या मिनलला भिंतीवर भिरकावलं. कॅबिनेट उचलून फरशीवर आदळलं आणि माझ्यावर लाथा घातल्या. माझं तोंड चेपलं.

"आता दे कोर्टाले," असं म्हणून तो पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला. मिनलनं धावत जाऊन बाहेरून कडी घातली.

तो आतून दारावर लाथा मारत होता, फळ्या हादरत होत्या. कपाळाचं रक्त पुसत वैभवी माझ्यापाशी बसली. माझा खण उघडेना. "त्या बारीक छिद्रात काही टोच," मिनल म्हणाली. वैभवीनं शिलाईच्या डब्यातली जाड सुई आणून खुपसली. मोडक्या जबड्यानं मी तोंड उघडलं. सीडी शाबूत होती. दोघी बहिणी अनवाणीच रस्त्यावर पळाल्या.

कोर्टातलं मला मिनलच्या बोलण्यातून कळलं. सीडी लावायच्या आधी वकीलबाई वैभवीला म्हणाल्या, तुम्ही बाहेर बसा हवं तर. खोलीत वकील, कारकून, शिपाई, सगळे परकेच, आणि समोर चंद्रभान. ती जागची हलली नाही.

"इथंच बसते," ती म्हणाली. "पाहू द्या साऱ्याइले. त्यालेही पाहू द्या."

चंद्रभानला या घरात पाय ठेवायला कोर्टानं मनाई केली. वैभवी आता इथे एकटी राहते आणि मी गॅलरीत पडून असतो. उद्या भंगारवाला येणार आहे. नेऊ दे मला, माझी तक्रार नाही. फक्त उचलताना आदळू नका. आदळल्याचा आवाज झाला की वैभवी अजून डोक्यावर हात धरते.