काकी आडव्या होईपर्यंत

गाद्यांच्या त्या कंपनीत बैठका खुर्च्यांवर होत नसत. नमुन्यांच्या खोलीत चपला काढायच्या आणि मिळेल त्या गादीवर बसायचं. मालकीणबाईंना सगळे काकी म्हणत. त्यांनी एके काळी स्वतःच्या हातांनी कापूस भरून हा धंदा उभा केला होता. एखादी गोष्ट पटली की त्या बसल्या जागी आडव्या होत, आणि काकी आडव्या झाल्या म्हणजे मंजुरी मिळाली. सह्याबिह्या नंतर होत राहायच्या.

कॉम्प्युटरबाईंपुढे मात्र त्या दोन्ही वेळा काठीसारख्या ताठ बसून राहिल्या होत्या.

कॉम्प्युटरबाई म्हणजे कंपनीच्या तंत्रज्ञानाच्या प्रमुख. हाताखाली सहा जण. ऑर्डर घेणारी जुनी यंत्रणा मोडून नवी करायला त्यांना तीन महिने हवे होते. दोनदा त्यांनी पडद्यावर चौकोन, बाण आणि आर्किटेक्चर दाखवलं. दोन्ही वेळा काकींनी एकच विचारलं, "यानं गादी लवकर पोचेल का?" गादी पोचायला आठ दिवस लागतात आणि शेजारचा चार दिवसांत पोचवतो, हे काकींचं जुनं दुखणं. बाई म्हणाल्या, "काकी, हा त्याहून मूलभूत प्रश्न आहे." झालं, पालथ्या घड्यावर पाणी.

आज तिसरी आणि शेवटची खेप होती. आज काकी नाही म्हणाल्या, की सहाच्या सहा जण कंपनीच्या जाहिरातवाल्याकडे जाणार होते, त्याच्या जाहिरातीतली अंगाई म्हणणारी गादी मोबाइलवर नाचवायला. त्यातल्या दोघांनी तर राजीनामे लिहूनच ठेवले होते, आणि बाईंना ते सगळे पोटच्या पोरांसारखे होते.

अकराची बैठक, साडेदहाला पडद्याची वायर अपुरी पडली. बाई वायर मागायला खाली गोदामात गेल्या. सहा वर्षांत पहिल्यांदाच, बरं का.

गोदामात गाड्या भरायच्या सोडून तीन बायका कानाला फोन लावून बसल्या होत्या. मधली गोदामबाई मोठ्या मायेनं विचारत होती, "ताई, दोन गाद्या हव्यात, का बोट दोनदा पडलं?" पुढ्यात जाडजूड वही, वर लिहिलेलं: जुळी.

"हे काय आहे?" कॉम्प्युटरबाईंनी विचारलं.

"तुमचं बटण दाबलं की काहीच हलत नाही. मग लोक परत दाबतात. एकाच्या दोन ऑर्डरी येतात. काल एकेचाळीस जुळी होती. फोन करून विचारल्याशिवाय गाडी सोडत नाही आम्ही."

"आणि फोन उचललाच नाही तर?"

"गाडी थांबते. कधी दोन दिवस, कधी चार."

बाई मटकन गठ्ठ्यावर बसल्या. "अहो, मला कधी सांगितलं का नाही?"

"तुमच्या आधीचे साहेब म्हणाले होते, तेवढं जरा बघून घ्या. आम्ही बघतोय." गोदामबाई जरा ओशाळली. "शिवाय, तुमच्या लोकांनी एवढं मन लावून केलेलं असणार. कशाला बोट ठेवायचं?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा! बाईंना एकदम इतकं हसू फुटलं की तिघी बायका घाबरल्या. वायर तिथेच टाकून, एकेक पायरी गाळत त्या वर पळाल्या.

जाहिरातवाला आधीच मऊ गादी अडवून बसला होता. बाईंनी पडदा लावलाच नाही. मोबाइलवर नणंदेचं नाव-पत्ता आणि स्वतःचा नंबर टाकला आणि फोन काकींच्या हातात दिला. "काकी, एक गादी मागवा."

काकींनी बटण दाबलं. काही हललं नाही. परत दाबलं. मग कापूस ठासणारा तो अंगठा तिसऱ्यांदा असा पडला की काच तडकते की काय असं वाटलं.

"एकदाच दाबायचं असतं, काकी," जाहिरातवाला म्हणाला.

"मग हलत का नाही मेलं?"

"आता थोडं थांबू या," बाई म्हणाल्या. खालच्या बायका नेमक्या आत्ताच चहाला उठल्या तर? एक मिनिट गेलं. तीन गेली. जाहिरातवाल्यानं घड्याळ बघितलं. काकींची पाठ ताठच होती.

आणि फोन वाजला. बाईंनी स्पीकर लावून तो काकींच्या पुढ्यात धरला.

"ताई, गाद्यांच्या गोदामातून बोलतेय. तुमची तीन गाद्यांची ऑर्डर आहे. माणसं किती घरात?"

काकींचा आवाज गोदामात फोनवर कुणी कधी ऐकलाच नव्हता. त्या थेट गोदामात जाऊनच ओरडत. "एकच हवी," काकी म्हणाल्या. "असं रोज किती जणांना विचारता?"

"चाळीसेक. सकाळ यातच जाते बघा."

"बरं. मग माझी उद्या पाठवाल?"

"उद्या कशी मिळेल, ताई? आठ दिवस धरा. पुढची जुळी निस्तरल्याशिवाय गाडी हलत नाही." गोदामबाईनं आवाज खाली आणला. "फारच घाई असेल, तर आमच्या काकींना फोन करा. पण त्यांना हे काही माहीत नाही हो, बिचाऱ्यांना."

फोन बंद झाला.

"इतकी वर्षं मी ड्रायव्हरांना शिव्या घालतेय," काकी हळूच म्हणाल्या. मग बाईंकडे वळल्या. "हे मला आधी का नाही सांगितलंस?"

थाप मारायची ती वेळ होती, पण बाईंना ती सुचली नाही. "मलाच अर्ध्या तासापूर्वी कळलं, काकी. मी खाली कधी गेलेच नव्हते."



"मीही त्यांना कधी काही विचारलं नाही, नुसती ओरडले," काकी म्हणाल्या. मग उशी ओढली, चष्मा काढला आणि सावकाश, पाय लांब करून, आडव्या झाल्या. "तीन महिने घे. पण तुझी सहाही पोरं आधी आठवडाभर खाली बसून फोन करतील. तूसुद्धा."

कॉम्प्युटरबाईंनी आनंदानं मागच्या गादीवर अंग टाकून दिलं. ती पाठदुखीवाल्यांसाठीची, फळीसारखी टणक निघाली. डोक्याला टेंगूळ आलं, तरी त्या हसतच पडून राहिल्या.